तिसरं आमेन

माजा फ्लेक्स लागला तवा मी जित्ती हुते, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या गावात म्हातारीचा फोटो चौकात लागला की लोकं थांबून हात जोडत्यात. बाजारला निघालेली तानुबाई चर्चच्या फाटकाबाहेरच्या चौकात मला बगून दचकली. म्हणली, "अगं साळू, तू हायस व्हय? मला वाटलं, गेलीस आन् मला कुणी कळवलंबी न्हाई."

मी म्हणलं, "जायला काय, जाईन की. आधी ह्यो फ्लेक्स तर वाचू दे."

वर लिवलं हुतं, 'प्रदीर्घ संगीत सेवेबद्दल कृतज्ञता सोहळा'. खाली दोन तोंडं. एक माजं, साळूबाई आवळे, चर्चची पेटीवाली. दुसरं माज्या दिराचं, शांतवन भाऊजींचं. गाणं उचलायचं आन् झांज वाजवायची हे त्येंचं काम. फोटो गेल्या नाताळातला हुता, मी लगेच वळखला. त्यात आमी तिघं हुतो. फ्लेक्सवर दोघंच. पण कापणारा जरा चुकला हुता. माज्या कोपराला लागून, डग्ग्यावर ठेवलेला एक हात तसाच ऱ्हायला हुता. मनगटापातूर. बोटात हिरव्या खड्याची अंगठी.

त्यो हात अल्लाबक्ष भाऊंचा. माणूस कापला आन् हात ठेवला. माजं डोस्कं तितंच फिरलं.

भाऊ मिरजेचे. सतारी, तंबोरे करणारी मुसलमान घरं हायत तितं, त्यातलं एक त्येंचं. लय मागं आमच्या पेटीचा भाता फाटला हुता, तवा ते वडलांबरोबर दुरुस्तीला आले. मीबी तवा नवीच, वडूजहून लग्न होऊन आलेली. माजे वडील तिकडं ख्रिस्ती कीर्तन करायचे, पेटी मी त्येंच्याकडनं शिकले. हितं बाईनं पेटीला हात लावला म्हणून दोन घरची माणसं उपासना सोडून उठून गेली हुती. पुढच्या रविवारी परत आली. जाणार कुटं?

आमचा तबलजी नुकताच मिलिट्रीत भरती झाला हुता. पेटी नीट झाली का बगायला भाऊंनी मला एक गाणं वाजवायला सांगितलं, आन् मोकळा पडलेला तबला वढून स्वतः बसले. गाणं संपलं तर जुने पाळकसाहेब दारात उभे. म्हणले, "येत्या रविवारी येशील का रं?" तवापासनं ते येत्यात. आधी एस्टीनं, आता स्कुटरवर. शुक्रवारी नमाज, रविवारी आमचा तबला. रोजा असला तर ते चहाला हात लावायचे न्हाईत, आन् आमीबी त्येंच्या म्होरं कप धरायचो न्हाई. त्येंच्या मोहल्ल्यात कुणी खवचटपणानं इचारलं तर म्हणायचे, "आमीन आपणबी म्हणतोच की. मी थाप तेवढी मारून येतो."

आता ती थाप काय, ते सांगायला पायजे, कारण पुढचं समदं तिच्यावरच हाय.

उपासनेच्या शेवटाला पाळक हात वर करून आशीर्वाद देत्यात. सगळी मंडळी मान खाली घालून डोळं मिटती. आशीर्वाद झाला की गाऊन तीनदा आमेन. हे दुसऱ्या गावातबी असतंय. पण भाऊंनी त्या तीन आमेनांत एक तिहाई बसवली. एकच तुकडा तीनदा, आन् तिसऱ्या आमेनावर डग्ग्याची एक भरदार थाप. ती घुमून विरली की मगच माना वर. कुणी नियम केला न्हाई. पोरं आईच्या कडेवर हायत तवापासनं तेच बगत मोठी झाली. घरी ऱ्हायलेल्या बायाबी थापंचा कानोसा घेऊन चुलीवर तवा ठेवत्यात. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं नाताळाला येत्यात, तिकडं काय काय शिकून येत्यात, पण मान थापंबिगर वर येत न्हाई. एकदा भाऊंनी चेष्टेनं ती थाप थांबवून धरली. सगळं चर्च तसंच वाकून बसलेलं. शांतवन भाऊजींना हसू आवरंना, त्येंनी झांजा तोंडावर धरल्या. पाळकसाहेब नंतर रागावले आमाला, पण तेबी हसतच.

तर मी फ्लेक्सखालनं तशीच सेक्रेटरीच्या घरी गेले. सेक्रेटरी म्हंजे रत्नाकर वायदंडे. सांगलीत नोकरी, घरी परत येऊन चर्चचं बगतो. कामाला वाघ हाय, खोटं कशाला बोलू. त्येच्या आईची आन् माजी गट्टी हुती, म्हणून मला मावशी म्हणतो.

मी म्हणलं, "रत्नाकर, त्यो हात कुणाचा?"

"कुठला हात, मावशी?"

"तू कापायचा इसरलास त्यो."

त्यो खुर्चीत सावरून बसला. "मावशी, सत्कार सभासदांचा आहे. अल्लाबक्षचाचा काही आपल्या चर्चचे सभासद नाहीत."

"तुज्या लग्नात वाजवलं तवा हुते का?"

"तेव्हाचे दिवस वेगळे होते." त्येनं आवाज बारीक केला. "तुम्ही बातम्या बघता ना? उद्या कुणी मोबाईलवर फोटो टाकला, की हा मुसलमान माणूस दर रविवारी चर्चमध्ये असतो, ह्याला बाटवताहेत, तर? पहिल्यांदा माझ्या दारात येतील. मग पाळकांच्या. चाचांच्याही दारात जातील. मी त्यांच्या भल्याचंच बघतोय."

त्यो खोटं बोलत न्हवता. त्येच्या तोंडावर भ्या दिसत हुतं, आन् त्ये उगाचचं न्हवतं. म्हणून मी जरा निवांत बोलले. म्हणलं, "भ्या मलाबी वाटतं, बाबा. भ्यायचंच असंल तर एका जागी बसून भिऊ की सगळी. एकाला दाराबाहेर ठेवून आपण आत निवांत बसायचं, ह्येला भ्या म्हणत न्हाईत."

"मग काय म्हणतात?"

"तुजी आई म्हणायची ते. गरज सरो आन् वैद्य मरो."

त्येला ते लागलं. मग त्यो जे बोलला ते मला लागलं. म्हणला, "तसंही मावशी, ह्या रविवारपासून पल्लवी कीबोर्ड वाजवणार आहे. त्यात तबला पण आहे, बटण दाबलं की झालं. तुम्ही खूप वर्षं केलंत. आता मंडळीत बसायचं आणि छान ऐकायचं."

म्हंजे ही कृतज्ञता न्हवती, ही निरोपाची शाल हुती. जुन्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून कापड टाकत्यात, तशी आमच्यावर शाल टाकायची.

"भाऊंना काय सांगितलंस?" मी इचारलं.

"फोन केला होता. म्हटलं, ह्या रविवारी नका येऊ, कार्यक्रम घरगुती आहे."

घरगुती. माजे धनी गेले त्या रविवारी मला पेटीवर बसवंना, तवा ह्याच माणसानं एकट्यानं तबल्यावर सगळी गाणी सावरून नेली. आन् त्यो घरगुती न्हाई. माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथनं उठले ती थेट मिरजेची गाडी धरली.

दुकानात भाऊ एका भोपळ्याला आतनं घासत बसले हुते. सतारीचा भोपळा. मला बगून उठाया लागले तर गुडघा धरून परत खाली बसले. माजं ऐकून घेतलं आन् म्हणले, "वैनी, जाऊ द्या. तुमी शाल घ्या. मान हाय त्यो तुमचा. मला काय, हितं कामं पडली हायत ढीगभर."

आतनं जरिनाभाबी चहा घेऊन आल्या. त्येंनी कप जरा आपटूनच ठेवला. म्हणल्या, "काम पडलंय म्हणं. फोन आल्यापास्नं घास खाली उतरंना. रविवारचा सदरा इस्त्रीवाल्याकडनं आणून ठेवलाय खुंटीला. त्येच्याकडं बगत बसत्यात."

"तू गप," भाऊ म्हणले. पण सदरा खुंटीला हुता, मी बगितला.

मी म्हणलं, "भाऊ, एक इचारू? तुमाला वाईट वाटलं का?"

त्येंनी भोपळ्यातला भुसा फुंकून काढला. मग म्हणले, "वैनी, आजपातूर मला कुणी कवा इचारलं न्हाई, तू कोण म्हणून. आता इचारलं. एवढंच."

मला रडू आलं आन् राग आला, दोन्ही एकदमच. मी म्हणलं, "हे बगा, मला शाल नगं, बुके नगं. मला माज्या डाव्या हाताला तुमी बसलेलं पायजे. रविवारी यायचं. आत न्यायचं काम माजं."

"आन् नेता आलं न्हाई तर?"

"तर मी बाहेर यीन."

ते परत भोपळा घासाय लागले. भाबी मला सोडायला नाक्यापातूर आल्या. म्हणल्या, "जातील ते. तुमी काळजी करू नगासा."

रविवारी सकाळी शांतवन भाऊजी दाढी घोटून, नवी टोपी घालून तयार. मी म्हणलं, "भाऊजी, नवरदेव दिसताय."

"वैनी, आज काय बोलू नगासा," ते म्हणले. "पोरं फोटो काढायला आल्यात. आपलं आता भांडायचं वय ऱ्हायलं न्हाई."

"मग भांडायचं वय कुठलं असतंय, सांगा की. तरुणपणी म्हणायचासा, नवी सून हाय, गप बसा. आता म्हणताय, म्हातारी झालीसा, गप बसा. मधी कवातरी बोलायचं हुतं, ते सांगायला इसरलासा जणू."

ते टोपी नीट करत ऱ्हायले. माणूस वाईट न्हाई, भित्रा हाय. सगळ्या जल्मात कुणाला उलट बोलले न्हाईत, आन् त्येचीच सवय लागली.

आत गेले तर पेटीला झेंडूचा हार घातलेला. तबला-डग्गा खोळीत घालून भिंतीकडं सारलेला. भाऊंच्या जागंवर स्टँड आन् त्येच्यावर कीबोर्ड. हार कुणाला घालत्यात ते मला ठावं हाय, म्हणून पहिला त्यो काढून खिडकीत ठेवला. पल्लवी घाबरून माज्याकडं बगत हुती. कॉलेजची पोरगी, बोटं चांगली, सूर कळतो. तिच्यावर माजा राग न्हाई. मी तिला म्हणलं, "वाजव पोरी, बिनघोर वाजव."

उपासना झाली, आशीर्वाद तेवढा शेवटाला ठेवला. मग सत्कार. रत्नाकरनं आमच्या सेवेवर भाषण केलं, चांगलं केलं. पाळकांनी भाऊजींना शाल पांघरली, नातवंडांनी फोटो काढले. आमचे हे पाळक तरणे हायत, खंडाळ्याकडचे, बदलून येऊन थोडेच दिवस झालेत. मग शाल घेऊन माज्याकडं आले. मी हात जोडले आन् म्हणलं, "साहेब, आधी दोन शब्द."

सत्कारानंतर मनोगत असतंयच, त्यामुळं माईक आपसूक माज्या हातात आला.

मी म्हणलं, "मंडळीचे लय उपकार हायत. पण पेटी एकटी कवा वाजली का हितं? बाहेर फ्लेक्सवर माज्या कोपरापाशी एक हात हाय, सगळ्यांनी जाताना बगा. तुमच्या लग्नात त्यो वाजला. तुमच्या मयतीला त्यो वाजला. तुमच्या लेकरांना त्येनं आमेन शिकवलं. आन् त्येला सांगितलंय, येऊ नगं, कार्यक्रम घरगुती हाय. त्यो घरगुती न्हाई तर मीबी न्हाई. त्यो माणूस हितं येऊन बसल्याबिगर मी ही शाल..."

माईक बंद पडला. रत्नाकरनं वायर उपसली हुती. मंडळीत कुजबूज सुरू झाली. पाळकांचा चेहरा उतरला. काय करावं ते सुचंना, म्हणून त्येंनी घाईघाईनं हात वर केला. म्हणले, "वेळ झाली आहे. आशीर्वादासाठी आपण मस्तकं लववू या."

झालं. माना खाली गेल्या. कुजबूज थांबली. मलाबी मान खाली घालावी लागली, आशीर्वाद हाय शेवटी. मला वाटलं, संपलं, हारलो. आता माणसं उठतील, चहा पितील आन् घरी जातील.

आशीर्वाद झाला. पल्लवीनं आमेन धरलं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. पण त्या बटणातल्या तबल्याला कुटं थांबायचं हे कोण सांगणार? तीन झाली तरी त्यो आपला धा धिन धिन धा, धा धिन धिन धा. पोरीनं भेदरून बटण दाबलं आन् एकदम सगळं गप झालं.

मी डोळं उघडलं. एक मान वर आली न्हवती.

समदी मंडळी तशीच वाकून बसलेली. म्होरं तानुबाई, पदर डोक्यावर, ओठ मिटलेलं. मागं बाप्ये, टोप्या मांडीवर. लहान पोरंबी डोळं गच्च मिटून. कुणी रुसलं न्हवतं, कुणी ठरवलं न्हवतं. ती थापंची वाट बगत हुती, दर रविवारी बगत्यात तशी. आन् भिंतीपाशी रत्नाकर. उपसलेली वायर हातात, मान खाली, डोळं मिटलेलं.

तवा मला कळलं, मी हारले न्हवते.

पाळकांनी परत एकदा आमेन म्हणून बगितलं. काय उपेग न्हाई. ते माज्याकडं सरकले आन् हळूच म्हणले, "साळूबाई, काहीतरी करा."

"मी पेटीवाली, साहेब. थाप माजी न्हाई."

"मग कुणाची?"

"तुमाला ठावं हाय."

ते दाराकडं बगाय लागले. दारातनं फाटक दिसत हुतं, फाटकाबाहेर फ्लेक्स, आन् फ्लेक्सखाली स्कुटरला टेकून भाऊ उभे. इस्त्रीचा सदरा घालून.

"बोलवा त्यांना," पाळक म्हणले.

"मी न्हाई," मी म्हणलं. "येऊ नगं म्हणून चर्चनं सांगितलं. ये म्हणूनबी चर्चनंच सांगायचं."

लय घाम आला हुता त्येंना. मग पायघोळ झगा सावरत, दोन्हीकडच्या वाकलेल्या माणसांमधनं चालत दाराबाहेर गेले. काय बोलले मला ऐकू आलं न्हाई. पण येताना त्येंनी भाऊंचा हात धरला हुता, त्योच, अंगठीचा.

भाऊंनी चपला बाहेर काढल्या. पल्लवीनं आपणहून कीबोर्डचा स्टँड बाजूला वढला. भाऊ गुडघा धरून खाली बसाया लागले, तर शांतवन भाऊजींनी खांद्यावरची नवी शाल काढली, चार घड्या घातल्या आन् त्येंच्या गुडघ्याखाली सारली. फोटो काढणारी नातवंडं मान खाली घालून हुती, त्यामुळं त्येचा फोटो न्हाई. मी बगितलं तेवढं पुरं.

भाऊंनी खोळ काढली आन् हातोडी घेऊन तबला मिळवाय लागले. ठक ठक, ठक. त्यो आवाज झाला आन् मिटलेल्या डोळ्यांची तोंडं हसाय लागली. एकामागनं एक. पण मान कुणी वर केली न्हाई.

"वैनी, पट्टी?" भाऊंनी इचारलं.

"न्हेमीचीच."

मी भाता मारला. पहिलं आमेन सगळ्यांनी वाकूनच म्हणलं, दुसरं जरा मोठ्यानं. तिसऱ्याला भाऊंनी हात उचलला आन् थांबवून धरला. माज्याकडं बगितलं. मी भिंतीकडं बगितलं. रत्नाकर तसाच हुता, वाट बगत. मी मान हलवली.

थाप पडली. घुमून घुमून विरली. माना वर आल्या आन् सगळ्यांनी भाऊंना बगितलं. मग तानुबाई, तिचा आवाज मुळात मोठा, म्हणली, "आज लय येळ लावलासा, भाऊ. कालवण करपलं असंल माजं."

हसण्यानं चर्च भरून गेलं. पाळकबी हसले. मग शाल घेऊन परत माज्यापाशी आले, ती मी घेतली आन् आमच्या दोघांच्या मधी जमिनीवर ठेवली, कुणाची का असंना.

चहाच्या वेळी रत्नाकर आला. म्हणला, "मावशी, हे बरं केलं नाहीत. उद्या काही झालं तर?"

"झालं तर दारात मी बसीन पेटी घेऊन, सगळ्यांच्या म्होरं. पण एक सांग मला. माईक बंद केलास, मला गप केलंस, मग तू का मान खाली घालून बसला हुतास?"

त्यो हातातली वायर गुंडाळत ऱ्हायला. मी त्येला चहा दिला.

पुढच्या रविवारी भाऊ आले. त्येच्या पुढच्यालाबी आले. पल्लवी त्येंच्या शेजारी बसून कीबोर्ड वाजवती, बटण दाबत न्हाई. फ्लेक्स उतरवायला माणूस आला हुता, त्येला मी परत धाडला. दोन म्हातारी तोंडं आन् एक हात, हात लय चांगला आलाय.

आता ऐकते की चर्चच्या पंचांची बैठक बोलवलीय. सभासद नसलेल्या माणसानं वाजवायचं का न्हाई, ह्याच्यावर ठराव करणार म्हणं. बसा म्हणावं खुशाल. बोला, भांडा, ठराव करा. पण पंचांची बैठक हाय, शेवटाला प्रार्थना करावीच लागंल. माना खाली घालाव्या लागतील आन् तीनदा आमेन म्हणावं लागंल. मग उठवायला कुणाला बोलवायचं, ते आधी ठरवून ठेवा.